कोठाराच्या दाराशी

शहादे,
ता. १४ ऑगस्ट १९३४

तीर्थस्वरूप भाईसा यांस,
सोहनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमच्या हुकुमाप्रमाणे हे पत्र मराठीत लिहीत आहे. आपण बहीणभाऊ जन्मापासून मारवाडीत भांडलो आणि आता कागदावर मराठीत नमस्कार घालायचे, याचे मला हसू येते. पण पुण्याच्या गायन विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत मराठी निबंध असतो, आणि माझी शाळा चौथीतच लग्नापायी सुटली. तेव्हा तुम्हाला लिहिलेली पत्रे हाच माझा निबंध, हे तुमचे म्हणणे पटले. चुका लाल शाईने दाखवून पत्र परत पाठवा. मात्र फार लाल करू नका, मला आता तेवढा रंग चालत नाही.

मुख्य बातमी अशी की बाबासा हो म्हणाले. चातुर्मासासाठी इथल्या उपाश्रयात साध्वीजी उतरल्या आहेत. भुआसा मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. साध्वीजींनी बाबासांना बोलावून घेतले आणि कोणाच्या ज्ञानाला आडवे जाणे हे मोठे पाप आहे, एवढेच सांगितले.  मग दोन दिवसांनी बाबासा म्हणाले, परीक्षा पास झालीस तर जा. पण एक अट घातली. विधवा मुलीचा गाण्याचा सूर दुकानापर्यंत आला, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? ज्ञान वहीत असते, त्याला आवाज कशाला हवा, असे ते म्हणाले. म्हणून मी मागच्या कोठारात बसून अभ्यास करायचा, भुआसांनी दाराबाहेर बसायचे, आणि आवाज बाहेर आला का ते रोज संध्याकाळी बाबासांना सांगायचे.

मला सगळे कबूल आहे. तीन वर्षांचा वर्ग, राहायची सोय आणि शेवटी एखाद्या मुलींच्या शाळेत गायन शिकवायची नोकरी, असे तुम्ही लिहिले होते. ते पत्र मी इतक्या वेळा वाचले की घड्या फाटल्या. मी आता अठरा वर्षांची आहे. पुढची चाळीस वर्षे कशी जातील, ते भुआसांकडे पाहिले की रोज दिसते. बारा वर्षांच्या असताना विधवा होऊन त्या भावाच्या या घरी परत आल्या. आपली आई गेल्यावर आपल्याला त्यांनीच वाढवले. आता कोपऱ्यात माळ घेऊन बसतात. त्या वाईट नाहीत, भाईसा. पण मला तसे बसायचे नाही.

लोभ कमी होऊ देऊ नये.
सोहन


पुणे,
ता. ३ सप्टेंबर १९३४

चि. सोहन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचले. लाल खुणा केल्या आहेत, घाबरू नकोस. माझी अवस्था तुझ्याहून वाईट आहे. परवा मेसमध्ये मी सहज आपल्याकडच्या अहिराणीत बोलून गेलो की 'मी अभ्यास करी ऱ्हायनू', तर सगळी पंगत हातातला घास टाकून हसली. इथे सगळे शुद्ध बोलतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही. रविवारी संध्याकाळी मी नदीच्या पुलावर जाऊन उभा राहतो. आपल्याकडचा एखादा कापूसवाला दिसला तर त्याच्याशी उगीच भांडण काढावे, असे वाटते.

दोन पुस्तके रजिस्टर करून पाठवतो आहे. एकात स्वरलिपी आहे. अक्षराखाली आडवी रेघ असली तर स्वर कोमल, वर उभी असली तर तीव्र. दुसऱ्यात थाट, रागांची लक्षणे, तालांच्या मात्रा. विद्यालयाचे गृहस्थ म्हणाले की लेखी भाग घरी तयार करता येतो. प्रथम मराठी सहावीची परीक्षा खाजगी रीतीने दे, तो दाखला लागतो. तंबोऱ्याचे नाव मात्र घरात काढू नकोस. षड्ज कशावरून धरायचा ते तूच शोध.

आणखी एक. मागच्या पाकिटावर मी विधवांच्या रीतीप्रमाणे तुझ्या नावामागे गं. भा. लिहिले होते. पोस्टमन ते भर बाजारात मोठ्याने वाचतो, असे तू मधल्या कार्डात लिहिलेस. पुढे नुसते सोहनबाई लिहीन. मुनीम शांतीलालजी नाराज झाले तर माझे नाव सांग.

तब्येतीस जपावे. आठवण ठेवावी.
इंदरमल


शहादे,
ता. २० जानेवारी १९३५

तीर्थस्वरूप भाईसा यांस,
सोहनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

षड्ज सापडला! हल्ली जिनिंगचा मोसम आहे. दुपारी कापसाच्या जिन कारखान्याचा भोंगा वाजतो तो मी षड्ज धरते आणि तो थांबण्याआधी गळ्यात उचलून घेते. तुम्ही हसाल. कधी बॉयलरची वाफ कमी असली की भोंगा जरा उतरतो आणि त्या दिवशी माझे सगळे गाणे उतरते. मोसम संपल्यावर काय करायचे ते अजून ठरवले नाही.

कोठारात एका बाजूला तुरीची पोती, दुसऱ्या बाजूला ज्वारीची. मधे माझ्यापुरती जागा. बाबासा जेवून पडतात तेवढाच वेळ मला मिळतो, म्हणून पुस्तकातले सगळे राग मी दुपारीच गाते. पहाटेचा भैरवसुद्धा माझ्याकडे जेवणानंतर उगवतो. पुस्तक लिहिणाऱ्याला कळले तर तो पुस्तक परत मागेल.

आवाज अगदी हळू ठेवते. ओठ हलतात आणि माझ्या कानापर्यंत पोचतो, एवढाच. पोती उरलेला पिऊन टाकतात. भुआसा दाराबाहेर माझ्याकडे पाठ करून बसतात. धान्य निवडत असतात, नाहीतर माळ ओढत असतात. माळ हातात असली की त्यांना कोणी हाक मारत नाही, मारली तरी त्या ओ देत नाहीत. जेवायला बोलवायचे तरी जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागतो. इतके ध्यान साध्वीजींचेही नसेल, असे बाबासा कौतुकाने म्हणतात.

परवा मात्र माझा जीव उडाला. मालकंसाचा कोमल निषाद पहिल्यांदा बरोबर जागी लागला आणि त्या आनंदात आवाज एकदम सुटला. मी तोंडावर पदर दाबून उभी राहिले. भुआसांनी मागे वळूनही पाहिले नाही. संध्याकाळी बाबासांनी नेहमीप्रमाणे विचारले, आज आवाज आला का. नाही आला, असे त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर दया केली, भाईसा. दयेचा फायदा दोनदा घेऊ नये, म्हणून मी तेव्हापासून आणखी हळू गाते.

तुम्हाला लिहिते तेवढेच माझे बोलणे. बाकी दिवसभर कोणाशी सा रे ग म बद्दल बोलणार?

कृपा असावी, ती पत्रातून कळावी.
सोहन


पुणे,
ता. ९ फेब्रुवारी १९३६

चि. सोहन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

नंदुरबारला सहावी पास झालीस, मनापासून आनंद झाला. या खेपेला तुझ्या पत्रात लाल शाई लावायला जागाच सापडली नाही. शाळेत मास्तर निवृत्त होतात तसा मी निवृत्त होतो.

काल विद्यालयाचा वार्षिक जलसा ऐकला. बायकांच्या वर्गातल्या पाचसहा जणी गायल्या. मी सर्वांत मागे उभा होतो, तिथेही शब्द न् शब्द येत होता. तूही मोकळ्या आवाजात गात जा. कोठारात तसे होते की नाही, ते मला इथून कळत नाही. भुआसांना सांग, एखाद्या दिवशी बाबासा गावाला गेले की दार उघडू देत.

परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. शांतीलालजी तुला पोचवायला येतील, मी स्टेशनवर असेन.

जिव्हाळा आहेच.
इंदरमल


शहादे,
ता. १७ जून १९३६

तीर्थस्वरूप भाईसा यांस,
सोहनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. दोंडाईचे स्टेशनवर उतरल्यावर बैलगाडी मिळाली, सारंगखेड्याला नावेतून तापी ओलांडली. नावेत शांतीलालजींनी एकदाही काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

पुण्यात तुम्ही मला खूप विचारलेत आणि मी काही बोलले नाही. आता लिहिते. लेखी पेपर चांगला गेला हे तुम्हाला माहीत आहे. मग गाण्यासाठी आत बोलावले. तो दिवाणखाना आपल्या सगळ्या दुकानाएवढा होता. तंबोरा सुरू झाला. भाईसा, मी पुस्तकातून दोन वर्षे षड्ज शिकले, पण खरा तंबोरा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पायाखाली जमीन असावी तसा तो होता. मी भूप गायले. मला वाटले, नीट गायले. पाहते तर समोरचे वृद्ध परीक्षक कानामागे हात धरून पुढे वाकलेले. सुरू करा, असे ते म्हणाले. मी संपवून बसले होते.

जरा मोठ्याने गा, असे त्यांनी मायेने सांगितले. मी तोंड उघडले आणि आवाज मोठा होईना. जोर केला तर तो फाटला, सोडला तर पुन्हा ओठांपाशी येऊन थांबला. शेवटी ते बिचारे खुर्ची उचलून माझ्याजवळ येऊन बसले आणि मान खाली घालून ऐकले. सूर खरे आहेत, असे म्हणाले. मग म्हणाले की बाई, तुम्हाला शिक्षिका व्हायचे आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलीने खुर्ची उचलून जवळ यायचे का?

मी दोन वर्षे न ऐकू येण्याचा रियाझ केला, आणि तो मला उत्तम साधला.

घरी बाबासा एवढेच म्हणाले की बरे झाले, आता वही मिटा. भुआसांना मी कोठारात सांगू लागले, तर रडत असल्याने माझी मान खाली होती. त्यांनी हनुवटी धरून माझे तोंड वर केले, उजेडाकडे वळवले आणि पुन्हा सांग म्हणाल्या. सगळे ऐकून घेतले. 

आता पत्र मराठीत लिहायचे कारण उरले नाही. तरी सवय झाली आहे.

विसरू नये.
सोहन


पुणे,
ता. २६ जून १९३६

चि. सोहन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

विद्यालयात जाऊन आलो. लेखी परीक्षेत तुझा नंबर पहिला आहे. त्यांचे म्हणणे असे की जानेवारीत फक्त गाण्याची परीक्षा पुन्हा घेऊ. तोवर आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला तर पुढच्या जूनपासून जागा तुझी. नाही पोचला तर मग नाही. मी बाबासांना वेगळे लिहिले आहे. त्यांनी त्या पत्राचे उत्तर दिले नाही, नाहीही म्हटले नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. माझी बी.ए.ची परीक्षा मार्चमध्ये संपेल आणि बाबासांनी मला दुकानावर बोलावले आहे. तू आलीस तर मी इथे नसेन. आपण दोघे मिळून पुण्यात राहू, असे मी मनाशी धरले होते. आता तू येशील तेव्हा स्टेशनवर कोणी नसेल.

तरीही यावेस, असेच वाटते.
इंदरमल


कळसाडी,
ता. १३ डिसेंबर १९३६

तीर्थस्वरूप भाईसा यांस,
सोहनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्ता पाहून चकित झाला असाल. कापूस वेचणीला आपल्याकडच्या कोणालातरी इथे शेतावर राहावे लागते. दरवर्षी शांतीलालजी राहतात. या वर्षी भुआसा बाबासांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मी जाते, सोहनला सोबत नेते, असे म्हणाल्या. जन्मात त्यांनी काही मागितले नव्हते, त्यामुळे नाही कसे म्हणायचे ते बाबासांना सुचले नाही.

इथे येऊन पहिल्याच सकाळी भुआसांनी मला विहिरीपाशी उभे केले आणि स्वतः शेताच्या त्या टोकाच्या बांधावर जाऊन थांबल्या. जाताना सांगून गेल्या, माझ्यापर्यंत आवाज आला की मी हात वर करीन, तोवर गात राहा. मधे सगळा पांढरा कापूस आणि वाकून वेचणाऱ्या बाया. मी गायले. हात वर झाला नाही. दुपारपर्यंत झाला नाही. घसा सुकला, लाज वाटली, राग आला. शेवटी रागानेच एक षड्ज फेकला. मधल्या ओळीतली रूपलीबाई वाकलेली होती ती उभी राहिली आणि कोणले हाक मारी ऱ्हायनी वं बाई, म्हणून मलाच विचारू लागली. सगळ्या बाया माना वळवून हसल्या. तेव्हा दूर बांधावर भुआसांचा हात वर गेला.

तेव्हापासून रोज हेच. भुआसा एकदाही चुकत नाहीत. आवाज पडला की हात खाली, चढला की वर. गंमत म्हणजे त्या माझ्याकडे पाहतसुद्धा नाहीत, नजर सारखी वेचणाऱ्या बायांवर असते. कामावर लक्ष ठेवायला आल्या आहेत ना!

बाया आता मला नावे ठेवतात. रूपलीबाई म्हणते, हाई बाईले एकच गाणं येस, त्याले शब्दच नहीत. मी शब्द शिकवते म्हटले तर तिने तिचेच गाणे सुरू केले, आणि ते नदीपलीकडे गेले असेल.

पण संध्याकाळी बाया गेल्या की शेत फार मोठे होते. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि मी. काल त्या वेळी गायले तर आवाज इतका लांब गेला की हा कोणाचा, म्हणून मीच मागे वळून पाहिले. कोणी नव्हते. मोठा आवाज असला की एकटेपणाही मोठा ऐकू येतो, हे पुस्तकात कुठे लिहिलेले नाही.

जानेवारीत येते. मागच्या भिंतीपाशी तुम्ही उभे राहा.

ममता असावी.
सोहन


शहादे,
ता. ११ ऑगस्ट १९३७

चि. सोहन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझे विद्यालय सुरू होऊन दोन महिने झाले. तू पहिल्याच पत्रात लिहिलेस की नदीच्या पुलावर जाऊन उभी राहिले आणि भाईसाची जागा सापडली. इकडे मी तुझी जागा घेतली आहे. दुपारी सगळे झोपले की कोठारात वर्तमानपत्र वाचतो. त्या पोत्यांत मला खोकलाही परका वाटतो. तू तिथे दोन वर्षे कशी बसलीस?

आता जे लिहितो ते न लिहिण्याबद्दल भुआसांनी मला बजावले आहे. तरी लिहितो.

भुआसांच्या माळेचा दोरा जीर्ण झाला म्हणून ती पटव्याकडे ओवायला दिली होती. त्या दिवशी त्या ओसरीत रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. बाबासांनी मागून हाक मारली. पुन्हा मारली. मग अगदी जवळ जाऊन ओरडले. भुआसा समोर पाहत बसलेल्या. बाबासा पुढे आले तेव्हा त्या दचकल्या आणि त्यांच्या ओठांकडे पाहू लागल्या.

नंदुरबारला डॉक्टरांना दाखवले. इन्फ्लुएंझाच्या साथीत ताप येऊन गेला, तेव्हापासून कान जात गेले, आणि गेली दहाबारा वर्षे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असे निघाले. घरात कोणाला कळले नाही. समोरच्याचे ओठ पाहून त्या काम चालवत होत्या, आणि बाकीच्या वेळी हातात माळ असे. बहिरी बाई घराला कशाला हवी, या भीतीने हे सगळे.

बाबासांच्या जेव्हा हे लक्षात आले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले. मग मला म्हणाले, मी रोज विचारत होतो, आवाज आला का. ती म्हणत होती, नाही आला. खोटे बोलली नाही. त्या दिवशी ते दुकानात गेले नाहीत.

तुझी पत्रे आम्ही भुआसांना वाचून दाखवत होतो. पत्र वाचणारा मान खाली घालून वाचतो. त्या आपल्या मान हलवत आणि छान म्हणत. आता कळते की त्यांना एक अक्षर पोचले नव्हते. सध्या त्या कोणासमोर येत नाहीत. सोहनला कळवू नका, तिला वाटेल मी फसवले, इतकेच म्हणतात.

काय करावे ते तू सांग.
इंदरमल


पुणे,
ता. १६ ऑगस्ट १९३७

तीर्थस्वरूप भुआसा यांस,
सोहनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र तुम्हालाच लिहिले आहे, भाईसांना नाही. बाबासांना माझी विनंती आहे की हे त्यांनी स्वतः वाचावे. कोठारात नको, ओसरीत. तोंड उजेडाकडे करावे, मान वर ठेवावी, एकेक ओळ आधी मनात वाचून मग तुमच्याकडे पाहून मोठ्याने म्हणावी. येणाऱ्याजाणाऱ्याने ऐकले तर ऐकू द्यावे.

भुआसा, भाईसांनी मला सगळे लिहिले. त्यांच्यावर रागावू नका. मी दोन दिवस विचार केला. कोठारात मी ओठांत गात होते, तुम्ही ऐकाल या भीतीने. तुम्हाला मी ओरडले असते तरी ऐकू येणार नव्हते. म्हणजे मला गप्प ठेवणारे दाराशी कोणी नव्हतेच. आधी याचे हसू आले, मग फार वाईट वाटले. माझा पहिला नंबर आणि माझी फजिती, दोन्ही त्याच दारामागे झाली.

पण मग दुसरे मनात आले. तुम्हाला ऐकू येत नव्हते, तर उन्हाळ्याच्या दुपारी त्या तापलेल्या फरशीवर तुम्ही कशासाठी बसत होता? बाबासांना तर तुम्हाला घरात कुठूनही 'नाही आला' असे सांगता आले असते. ती खरे म्हणजे तुमची झोपायची वेळ. तुम्ही रोज येऊन बसलात. आणि कळसाडीला रूपलीबाईची मान वळली की तुमचा हात वर जायचा, हेही आता समजले. मी तुम्हाला ऐकवते आहे असे समजून गात होते. तुम्ही दुसऱ्यांच्या माना पाहून मला ऐकत होता. याला कोणी फसवणूक म्हणत असेल तर त्याला मराठी येत नाही.

इथले सांगते. वर्गात मला मागच्या रांगेत बसवतात, कारण पुढे बसले तर बाकीच्यांचा आवाज ऐकू येत नाही. मुली चांगल्या आहेत. पण रियाझाची खोली एकटीची असते. तंबोरा लावला की मी दार उघडे ठेवते. कोणी मनाई केलेली नाही. बाहेर लांब व्हरांडा आहे आणि तिथे कोणीही बसलेले नसते. इतक्या लोकांना ऐकू जाते आहे, आणि गाऊन झाल्यावर कोणाकडे पाहावे ते कळत नाही.

तीन वर्षांनी मला नोकरी लागेल. जिथे लागेल तिथे दोन खोल्या घेईन आणि तुम्हाला न्यायला येईन. तुमच्या कामाची गरज आहे म्हणून नव्हे. बाबासा, हे वाक्य पुन्हा वाचा.

आणि भुआसा, पत्र संपल्यावर नेहमीसारखी मान हलवू नका. ऐकू आले नसेल तर नाही आले, असे सांगा. बाबासा पुन्हा वाचतील.

माया आहेच, ती मागत नाही.
तुमची,
सोहन